स्कायविंग मशीनचा रोलर सारखा कापला जातोय? पार्टच्या आधी तेलाचं भोक शोधा

पहिला रोलर कापला गेला तेव्हा मी पार्ट विकणाऱ्याला शिव्या घातल्या. दुसरा गेला तेव्हा मशीनवर बसणाऱ्या पोराला. तिसरा गेला तेव्हा शिव्या घालायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून शेवटी पाना हातात घेतला आणि मशीन उघडलं. हे सगळं आठ महिन्यांत झालं. तुमच्याकडे असंच जुनं, नावगाव पुसलेलं स्कायविंग मशीन (कातड्याची कड तासून पातळ करणारं) असेल आणि "याचे पार्ट कुठे मिळतील हो?" असं विचारत तुम्ही फिरत असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. माझा निम्मा वेळ नको तो पार्ट शोधण्यात गेला, आणि उरलेल्यातला निम्मा हवा तो पार्ट भलत्याच नावाने शोधण्यात.

पुण्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. पाकिटं, पट्टे, डायरीची कव्हरं असला माल. कड दुमडायची तर कातडं कडेला तासून पातळ करावंच लागतं. एखाद-दुसरा नग असेल तर मी आजही रापीच घेतो, पण दिवसाला दीडशे पाकिटांच्या कडा रापीने तासायच्या म्हटल्या तर मनगट जागेवर राहत नाही. धारावीतलं एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून हे मशीन उचललं. विकणारा म्हणाला, "जर्मन आहे, डोळे झाकून न्या." मी खरंच डोळे झाकून नेलं. वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट मारलेला, आणि नावाची पट्टी होती तिथे दोन रिकामी भोकं.

नेमकं काय बिघडत होतं

ज्यांनी आतून बघितलं नाही त्यांच्यासाठी रचना दोन ओळींत सांगतो. खोल वाटीसारखं गोल पातं आडव्या आसावर फिरतं आणि धार वाटीच्या तोंडाला असते. वर फूट, म्हणजे कातडं दाबून धरणारा भाग, असतो. खाली, पात्याच्या पोटात, खरखरीत दगडाचा फीड रोलर. कातडं चांगली बाजू वर ठेवून सरकवायचं. रोलर ते धारेवर ढकलतो, खालची बाजू सोलली जाते, आणि निघालेली चकती (सोललेला पातळ पापुद्रा) पातं आणि रोलर यांच्यामधल्या फटीतून पात्याच्या पोटात पडते. रोलर स्प्रिंगवर असतो, त्यामुळे जाड कातडं आलं की तो थोडा खाली दबतो आणि कातडं निघून गेलं की वर येतो.

ही फट जेमतेम असते. मी ती 0.25 मिमीच्या आसपास ठेवतो, म्हणजे फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या गेजचं) पान आत सरकलं पाहिजे पण डुलता कामा नये. फट जास्त झाली की पातळ अस्तराचं कातडं आत ओढलं जातं. कमी झाली की धार रोलरला लागते, आणि मग रोलर आणि धार दोन्ही जातात.

माझ्याकडे धार रोलरला लागत होती. नवा रोलर टाकावा, फट नीट लावावी, दोन-अडीच महिने सगळं छान चालावं, आणि मग एके दिवशी रोलरवर खाच. गंमत अशी की पाकिटाच्या पातळ मालावर कधीच काही झालं नाही. पट्ट्याचं 3 मिमीचं कातडं लावलं की त्या आठवड्यात खाच ठरलेली. मी याचा अर्थ "जाड मालाला रोलर टिकत नाही, भारी कंपनीचा पाहिजे" असा लावला. तिसरा रोलर त्याच हिशेबाने दीडपट किमतीचा आणला. तोही गेला.

तीन मेलेले रोलर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी एकेकटा बघताना दिसली नव्हती. तिन्हींवर खाच एकाच बाजूला होती, डाव्या खांद्यावर. उजव्या बाजूचा दगड कोरा. आता विचार करा: फट कमी लावली गेली असती तर धार पूर्ण रुंदीला लागली असती. एकाच खांद्याला लागते याचा अर्थ रोलर तिरका होतोय. आणि रोलर तिरका होतो तो स्वतःच्या चुकीने नव्हे, ज्या दांड्यावर बसलाय त्या दांड्याच्या ढिलाईने.

मग कान लावून बसलो. जाड पट्टा फूटखालून सुटताना, अगदी शेवटच्या क्षणी, एक बारीक "टिक्" ऐकू येत होतं. पट्टा सुटला की स्प्रिंग रोलरला झटक्यात वर ढकलते. दांडा बुशमध्ये (ज्या धातूच्या नळीत तो बसतो तिच्यात) ढिला, म्हणून रोलर वर येताना एका खांद्यावर कलतो आणि धारेला टेकतो. पातळ मालाला स्प्रिंग दबतच नाही, म्हणून झटकाही नाही. हे "टिक्" सहा महिने वाजत होतं. आम्ही रेडिओ लावून काम करत होतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. मोटरचा प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा, कारण क्लच मोटर बंद केल्यावरही काही वेळ घरंगळत राहते आणि पाय चुकून पेडलवर पडला तर पातं फिरतं. मग लाकडी काडीने रोलर वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलून बघा. बोट घालू नका, धार बोटापासून पाव मिलिमीटरवर आहे. रोलर स्प्रिंगच्या दिशेने हलणारच, ते चालतं. पण तिरका डुलत असेल तर बुश गेला. डायल गेज असेल तर आकडाच मिळतो. माझ्याकडे 0.35 मिमी आला. फट 0.25 आणि ढिलाई 0.35. रोलर कुठल्याही कंपनीचा आणला असता तरी धारेला लागणारच होता.

तेलाचं भोक

आता बुश शोधायला लागलो. त्या मशीनच्या नावाने बुश शोधणं म्हणजे अंधारात सुई. सुदैवाने बुश ही शोधायची वस्तूच नाही, ती करून घ्यायची वस्तू आहे. दांडा आणि ब्रॅकेट घेऊन भोसरीला एका टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी दांडा नखाने चाचपला आणि विचारलं,

"तेल कधी घातलंत याला?"

"दर सोमवारी घालतो की."

"कुठून?"

मी ब्रॅकेटवरचं भोक दाखवलं. काकांनी त्यात तार घातली. तार आरपार गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. ते पट्टी बसवायच्या स्क्रूचं भोक होतं. मग त्यांनी स्क्रायबर घेऊन ब्रॅकेटच्या वरच्या अंगाचा हिरवा रंग टोकाने खरवडायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या-चौथ्या ओरखड्याला रंगाचा एक गोल टवका उडाला. खाली खोलगट भोक, आत रंग, रबर सोल्यूशन आणि कातड्याचा भुसा यांचा घट्ट झालेला गोळा. "हे तुमचं तेलाचं भोक," काका म्हणाले. "मशीन सजवून विकलं की हे असं होतं."

म्हणजे मशीन नवं दिसावं म्हणून मारलेल्या रंगाने तेलाची वाट बुजली, बुश कोरडा चालून झिजला, झिजलेल्या बुशने रोलर खाल्ले, आणि मी रोलर विकणाऱ्याशी भांडत होतो.

काकांनी दांडा 10 मिमीच्या ग्राइंड केलेल्या रॉडमधून नवा केला, बुश गनमेटलचा केला आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारून दांड्याला 0.02 ते 0.03 मिमी सैल ठेवला. बुश दाबून बसवल्यावर आतला व्यास थोडा आवळतो, म्हणून रीमर बसवल्यानंतर मारायचा असतो, आधी नाही. हे टर्नरला माहीत असतंच, पण घाईत कुणी आधी मारून दिला तर दांडा जाणार नाही आणि मग घरी येऊन तुम्ही तो पॉलिश पेपरने घासायला लागाल. तसं करू नका, परत न्या. आणि बुशमध्ये तेलाचं भोक ब्रॅकेटच्या भोकासमोर आलंय ना, हे निघण्याआधी तार घालून बघा.

जुनं रंगवलेलं मशीन घेतलं असेल तर पहिल्या दिवशी हेच करा. जिथे जिथे दांडा ब्रॅकेटमध्ये शिरतो, तिथे वरच्या बाजूला तेलाची वाट असतेच असते. वर्मच्या (स्क्रूसारख्या गिअरच्या) पेटीवर, युनिव्हर्सल जॉइंटपाशी, धार लावायचा दगड उचलायच्या दांड्यावर. माझ्या मशीनवर सात सापडली, त्यातली चार बुजलेली होती.

मग पार्ट कोणत्या नावाने शोधायचा

बुश झाला, पण एवढं उघडल्यावर बाकीचीही दुखणी दिसलीच. पातं संपत आलं होतं, धार लावायचा दगड चकाकत होता, दोन स्क्रू गायब. इथून खरी शोधाशोध सुरू झाली.

आधी "जर्मन" या शब्दाचा निकाल लावू. असं वाटीचं पातं असलेलं मशीन ज्यांनी रूढ केलं ती फोर्टुना कंपनी खरंच जर्मन, स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटची. आल्बर्ट हिर्थ या इंजिनिअरने ती 1903 मध्ये उभी केली. (याच हिर्थचे दोन मुलगे पुढे विमानवाले म्हणून नावाजले, हेल्मुट आणि वोल्फ.) पण आपल्याकडच्या गाळ्यांत जे दिसतं ते बहुतेक वेळा त्याच धाटणीवर चीन किंवा तैवानमध्ये बनलेलं मशीन असतं. "801" हा आकडा कानावर पडला असेल. तो एका कंपनीचा नाही, त्या घराण्याचाच आकडा झालाय. रंग वेगळा, पट्टीवरचं नाव वेगळं, आत पुष्कळसं सारखं. जपानच्या निप्पीची छोटी मशीनंही भारतात बरीच आहेत, त्यांचे पार्ट वेगळे. इटलीची फाव, कामोगा ही आणखी वेगळी घराणी.

तेव्हा दुकानात जाऊन "फोर्टुनाचं पातं द्या" म्हणण्यात अर्थ नाही, आणि "हिरव्या मशीनचं पातं द्या" म्हणण्यात तर अजिबातच नाही. माप सांगा. पात्याची ही मापं एका कागदावर लिहून ठेवा: तोंडाचा बाहेरचा व्यास, वाटीची पूर्ण खोली, मागच्या भोकाचा व्यास, आणि मागे स्क्रूची भोकं असतील तर त्यांची संख्या आणि मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. माझ्या पात्याचं तोंड 120 मिमी. मी दुकानदाराला फोनवर एवढंच सांगितलं. पातं आलं, तोंड बरोबर 120, आणि मागचं भोक स्पिंडलपेक्षा 2 मिमी मोठं. धार लावून बघायच्या उत्साहात प्लास्टिक फाडलं होतं, त्यामुळे परत घेतलं नाही. चूक माझीच.

खोली का मोजायची? पातं धार लावून लावून आखूड होत जातं आणि आपण चाक फिरवून त्याला पुढे आणत राहतो. धार फूटच्या कडेपासून मी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर ठेवतो. त्याहून मागे राहिली तर कातडं मध्येच गोळा होतं आणि फाटतं. पुढे आणायचे आटे संपले की पातं संपलं. त्यामुळे जुन्या पात्याची खोली ही नव्या पात्याची खोली नसते. दुकानदाराला सांगताना "झिजलेल्याची खोली इतकी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो बापडा तेवढ्याच खोलीचं शोधत बसेल.

फोटो पाठवत असाल तर पट्टी शेजारी ठेवून काढा, आणि पार्टच्या बरोब्बर वरून. तिरक्या फोटोत गोल भोक लंबगोल दिसतं. व्हर्नियर पार्टला लावलेला आणि आकडा वाचता येतोय असा एक फोटो दहा "हा पार्ट मिळेल का?" पेक्षा जास्त काम करतो. दुकानदारही मग गांभीर्याने घेतो.

आट्यांची भानगड

यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या, म्हणून जरा सविस्तर.

फूटच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू गायब होता. भोक बघून वाटलं 6 मिमी. एम 6 चा स्क्रू घातला. दोन आटे सुखाने गेला, तिसऱ्याला जड झाला, चौथ्याला अडकला. मनात आलं, भोकात घाण असेल, जरा जोर लावू. इथेच थांबलो ते बरं झालं, नाहीतर कास्टिंगचे आटे गेले असते.

झालं असं होतं की तो स्क्रू मिलिमीटरचा नव्हताच. शिलाई मशीनच्या जगात आट्यांची एक स्वतंत्र, इंचातली जमात आहे आणि स्कायविंग मशीनं त्याच कारखान्यांच्या वळणाने बनली असल्याने ती इथेही घुसते. त्यातला एक 15/64 इंच, इंचाला 28 आटे. 15/64 इंच म्हणजे 5.95 मिमी, एम 6 शी डोळ्याला फरक कळणार नाही. पण दोन आट्यांमधलं अंतर 0.907 मिमी, आणि एम 6 चं 1 मिमी. एका फेऱ्याला दहाव्या भागाच्या आसपास चूक, चार फेऱ्यांत ती 0.37 होते, आणि स्क्रू अडकतो. याचेच धाकटे भाऊ 11/64 आणि 9/64, दोन्ही इंचाला 40 आट्यांचे. त्यातल्या 11/64 च्या भोकात एम 4 घातला तर तो डुलतो आणि एम 5 जातच नाही.

थ्रेड गेज म्हणजे करवतीसारख्या दातांची पानं असलेला छोटा चाकू. मिलिमीटरचा आणि इंचाचा असे दोन्ही घ्या, फार महाग नाहीत. शेजारचा चांगला स्क्रू काढून त्याच्यावर पान ठेवायचं आणि उजेडाकडे धरायचं. प्रकाशाची रेघ दिसली नाही की ते तुमचं पान. मग स्क्रू घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात न जाता शिलाई मशीनच्या पार्टवाल्याकडे जा. माझा स्क्रू तिथे एका डब्यात पडलेला मिळाला, पैसेही घेतले नाहीत.

आणि जुना नट सुटत नसेल तर हातोडा घेण्याआधी उलट्या दिशेने हलकेच करून बघा. फिरणाऱ्या भागांवर उलटे आटे असू शकतात, आणि उलटा आटा "जाम झालाय" म्हणून पिळून तोडलेली स्पिंडल दुरुस्त करायला मशीनच्या निम्मे पैसे लागतात.

काय विकत घ्यायचं, काय करून घ्यायचं

पातं कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेऊ नका. "साहेब, जसंच्या तसं बनवून देतो" म्हणणारा भेटेल. आकार देईलही. पण ते कडक करताना पातळ वाटी वाकडी होते आणि मग ती आसावर गोल फिरत नाही. प्रत्येक फेऱ्याला कातड्यावर लाट उमटते. पातं विकतच घ्यायचं.

धार लावायचा दगडही विकतच. ग्राइंडरचा जुना दगड तासून बसवलेला मी एका गाळ्यात पाहिलाय. दगडाला किती फेऱ्यांपर्यंत फिरवायचं याची मर्यादा असते, आणि फुटला तर तो तुमच्या पोटाच्या उंचीवर फुटतो. नवा दगडसुद्धा बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. घंटेसारखा खणखणला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा आहे, बसवू नका. मोटर बदलली असेल तर हेही बघा: मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या जागी कुणी 2880 ची मोटर बसवून पुली तीच ठेवली असेल तर पातं आणि दगड दोन्ही दुप्पट वेगाने फिरतायत.

पण दगड नवा घेण्याआधी जुना ड्रेसरने (दगडाचा वरचा थर काढायच्या हत्याराने) घासून बघा. मेण आणि सोल्यूशन बसून तो काचेसारखा चकाकतो आणि कापायचं सोडून नुसता घासत राहतो. पातं तापतं, धार लागत नाही. माझा दगड "गेला" असं तिघांनी सांगितलं होतं. ड्रेसर दोनदा फिरवला आणि खालून करकरीत नवा दगड निघाला. फीड रोलरचंही तेच. कातडं सरकत नाही म्हणून रोलर बदलणारे पुष्कळ, तो बहुतेक वेळा नुसता चिकटलेला असतो.

धार लावण्याआधी चकत्यांची पेटी आणि भुसा ओढणारी पिशवी रिकामी करायची. ठिणग्या थेट त्या भुशात जातात. धार आतून लागते, त्यामुळे बाहेरच्या अंगाला बारीक भूर, म्हणजे धातूची वळलेली कड, येते. ती बारीक दगडाने हलक्या हाताने काढल्याशिवाय धार लागली असं समजू नका. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

बाकी बेअरिंग म्हणजे सगळ्यात सोपं काम. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो, तोच त्याचा पत्ता. 6202 म्हणजे जगात कुठेही 15 मिमी भोक, 35 मिमी बाहेरचा व्यास, 11 मिमी रुंदी. मशीन जर्मन असो की तैवानी, नाना पेठेत मिळेल. नंबर पुसला असेल तर ही तीन मापं सांगा. स्कायविंगला दोन्हीकडून रबर सील असलेलं घ्या, कारण कातड्याचा भुसा पत्र्याच्या झाकणातून आत शिरतो. मोटरच्या पट्ट्यालाही तसाच नंबर: वरची रुंदी 10 मिमी असेल तर एम, 13 असेल तर ए, आणि पुढचा आकडा इंचातली लांबी. अक्षर पुसलं असेल तर तुटक्या पट्ट्याचा तुकडा घेऊन जा.

पुल्या, दांडे, पिना, बुश, स्प्रिंगच्या टोप्या हे सगळं टर्नरचं काम. कोल्हापूरकडच्यांनी तर उद्यमनगर सोडून कुठे फिरूच नये. तिथे कास्टिंगपासून वर्मच्या गिअरपर्यंत करून देणारी माणसं चार गल्ल्यांत सापडतात.

कुठे विचारायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट. बेअरिंग, पट्टे, थ्रेड गेज, ड्रेसर, रीमर, सगळं एका फेरीत होतं. पण पातं आणि रोलर तिथे शोधू नका. त्यासाठी धारावीतच, जिथे ही मशीनं रोज चालतात तिथल्या दुरुस्तीवाल्यांना विचारा. त्यांच्याकडे मेलेली मशीनं कोपऱ्यात पडलेली असतात आणि ते त्यातून ब्रॅकेट काढून देतात, जो कुठेच विकत मिळत नाही. पुण्यातला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो तो, मी चार वेळा पालथा घातला. स्कायविंगचं काही मिळालं नाही. एक झकास जुना व्हर्नियर मात्र मिळाला.

नवे पार्ट जिथे चपला-बुटांचे आणि पिशव्यांचे मोठे कारखाने आहेत तिथून येतात: आग्रा, कानपूर, चेन्नई, कोलकाता. चेन्नईत पेरियामेट भागात कातड्याचा व्यापार आहे, तिथे विचारणा करा. फोनवर हिंदीत मापं सांगण्यापेक्षा कागदाचा फोटो पाठवा. बिल मागवताना एक बारीक गोष्ट. बिलावरच्या एचएसएन कोडमध्ये (मालाच्या वर्गीकरणाच्या आकड्यात) चामड्याच्या मशीनचे पार्ट 8453 खाली येतात, पातं मात्र यंत्राची पाती म्हणून 8208 खाली, आणि दगड 6804 खाली. सगळं "शिलाई मशीनचे पार्ट" म्हणून 8452 वर टाकून दिलेलं बिल माझ्या अकाउंटंटने परत पाठवलं होतं. परदेशातून मागवायचं असेल तर हा कोड चुकला की पार्सल कस्टमला अडकून बसतं.

जुनं बंद मशीन अख्खं विकत घेण्याचा पर्यायही धरा. माझ्या मापाचं, मोटर जळालेलं एक मशीन भंगाराच्या भावात मिळालं. त्यातून फूटचा ब्रॅकेट, चांगला वर्म आणि निम्म्याहून जास्त शिल्लक असलेलं पातं निघालं. घेताना कागद बरोबर नेला होता आणि पात्याचं मागचं भोक आधी मोजलं.

आत्ताची स्थिती

चौथा रोलर साध्या किमतीचाच आणला. त्याला चौदा महिने झाले. पट्ट्याचा माल आठवड्यातून दोनदा लागतो. महिन्याच्या एक तारखेला प्लग काढून रोलरच्या डाव्या खांद्यावरून काडी फिरवतो. अजून कोरा आहे. तेलाच्या सातही भोकांभोवती लाल नेलपेंटने गोल काढलेत, बायकोची बाटली त्यात संपली.

फूट मात्र आता दुखायला लागलाय. खालच्या अंगाला कातडं घासून घासून एक पन्हळ पडलीय आणि रुंद कड तासताना मध्ये उंचवटा राहतो. तो काढून काकांकडे दिलाय. त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "हा घासून देतो, पण वर भोकाला तुमचा तोच इंचवाला आटा आहे, तेवढा आटे पाडायचा टॅप तुम्ही आणा." टॅप शोधतोय.